प्रल्हादभाऊंची गेरूची रेघ

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्यात, आईच्या डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून दिवसाची यादी तपासत होते. एक, आईचा रक्ताचा रिपोर्ट. दोन, गॅस सिलेंडर. तीन, प्रल्हादभाऊ, साडेसहा, भिंत. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत, असं शेजारीण सांगत होती. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता यापुढे संध्याकाळी घाटातून गाडी कशी न्यायची? रडू आलं ते खूप नंतर, मोताळा मागे पडल्यावर, तेही आई मागच्या सीटवर झोपली आहे याची खात्री करून…

धामणगाव बढ्याच्या बसथांब्यामागे त्यांचं दुकान होतं. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’, पण ट्रॅक्टरच्या डायनामोपासून विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरपर्यंत काहीही तिथे येई. आम्ही एकाच गल्लीतले, त्यामुळे मी त्यांची ताई आणि माझी आई त्यांचीही आई. मी शाळेत लिपिक. कागद आणि याद्या हाच माझा स्वभाव. आठवड्यातून दोनदा आईला बुलढाण्याला न्यावं लागणार हे ठरलं तेव्हा मी पुण्याहून एक जुनी गाडी घेतली, मागे आईला आडवं होता येईल एवढी मोठी. तिचे पुढचे दिवे आपोआप वरखाली होतात, हे मला घेताना माहीतही नव्हतं. मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तसं होऊ नये म्हणून मागच्या चाकाजवळ एक सेन्सर गाडी किती दबली ते मोजतो आणि दिव्यांमागच्या छोट्या मोटरी उजेड खाली आणतात. हे सगळं मला प्रल्हादभाऊंनी समजावलं. पण त्याआधी मी माझी चूक करून बसले होते.

झालं असं, की हिवाळ्यात दिव्यांचा उजेड बोनेटच्या पुढे जेमतेम दहा पावलं पडू लागला. राजूर घाटात वळण दिसेना. प्रल्हादभाऊ तेव्हा लेकीकडे गेले होते, म्हणून मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी नेली आणि म्हटलं, “लाइट वर करून द्या.” त्यांनी दिव्यांचे स्क्रू फिरवले, लाइट वर केले. मी यादीत बरोबरची खूण केली आणि विसरले. समोरच्या गाड्या डिपर मारायच्या, ते मला त्यांचा उद्धटपणा वाटायचा. मग एका गुरुवारी घाट उतरताना समोरून मोटरसायकलवर एक जोडपं आलं. त्या माणसाने एक हात डोळ्यांवर घेतला, गाडी डगमगली, कडेच्या मुरमात घुसली. आरशात मला दोघं उभी दिसली. दिसली असं वाटलं. आईला त्याच वेळी उलटी होत होती… मी थांबले नाही.

हे मी फक्त प्रल्हादभाऊंना सांगितलं. ते माझ्याकडे न बघता हातातली वायर सोलत राहिले. “उभे होते ना दोघं?”

“वाटतं तरी.”

“वाटतं म्हंजे?” मग वायर खाली ठेवून, “उद्या सकायी गाडी आणा ताई. चहा पिऊन या, इथं भेटनार नाही.”

ते पोतं टाकून मागच्या चाकाशी आडवे झाले आणि पाच मिनिटांत ओरडले, “अवो, लाइट खराब नाहीच! लाइटले खबर चुकीची भेटून राह्यली.” बोटाएवढी एक कांडी सेन्सरला जोडलेली असते, तिच्या टोकाची वाटी झिजून ती निसटली होती. लोंबकळायची, तेव्हा सेन्सर भलतंच सांगे आणि दिवे पार खाली जात. खड्ड्यात दणका बसला की कांडी पुन्हा अडके, मग दिवे आपल्या जागेवर येत, आणि गॅरेजात चढवलेला उजेड त्यावर आणखी वर जाई, थेट माणसांच्या तोंडावर. “त्यानं रोग पाह्यला नाही, औषध देल्लं,” ते म्हणाले. मी म्हटलं, औषध मीच मागितलं होतं. त्यावर त्यांनी मान डोलावली.

कांडी यायला आठ दिवस लागले. ती बसवल्यावर त्यांनी स्क्रू परत खाली आणले. त्यासाठी दुकानाची भिंत होती : जमिनीवर चुन्याची खूण, तिथे पुढची चाकं, आणि भिंतीवर गेरूने ओढलेली एक आडवी रेघ. दिवेलागणीला रिकाम्या गाडीचा उजेड त्या रेघेवर अचूक बसला. मी खूण करायला पेन काढलं तर म्हणाले, “थांबा. रिकामी गाडी घेऊन जाता का तुमी घाटात? भरून आणा. रोजचं वजन पाह्यजे, आई, उशी, पान्याची कॅन, सगयं.” मी म्हटलं आईच्या वजनाची हरभऱ्याची पोती ठेवते. हे दुकानात खुर्चीवर बसलेल्या आईच्या कानावर गेलं. “काऊन रे पल्हाद, मले आता पोत्यानं मोजतं का?” त्यावर प्रल्हादभाऊ हसून, “नाही वो आई, पोतं इतकं बोलत नाही.” गुरुवारची साडेसहाची वेळ ठरली. मी निघताना त्यांनी माझ्या वहीत डोकावून विचारलं, “माहा नंबर कितवा?”

“तिसरा.”

“म्हंजे सिलेंडरच्या मांगं! असू द्या.”

तो गुरुवार आला, ते नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी घाटात ट्रकच्या मागे मागे चालवत राहिले. दुसऱ्या कोणाला दाखवायची हिंमत होईना. पुन्हा कोणी स्क्रूला हात लावला तर? कोणी डिपर मारला की मी वेग कमी करून गाडी कडेला घ्यायचे. मग कळलं की दुकान भाड्याने जाणार आहे आणि भिंतीला चुना लागणार आहे. मी त्याच संध्याकाळी गेले. आई थकून घरी झोपली होती. शोभावहिनी, प्रल्हादभाऊंच्या पत्नी, दार उघडून उभ्या राहिल्या. मी काय हवं ते सांगितलं तशा त्या आईच्या जागी मागे बसल्या. उशी मांडीवर घेतली, कॅन पायाशी ठेवली.

मी दिवे लावले. उजेड रेघेच्या चांगला चार बोटं वर गेला. मग पुढून बारीक घुर्र आवाज आला आणि भिंतीवरचा उजेड हळूहळू खाली उतरला, गेरूच्या रेघेवर येऊन थांबला. डावा दिवा बोटभर खाली राहिला. उजवा अगदी बरोबर.

वहिनी मागूनच म्हणाल्या, “घाटातल्या त्या जोडप्याचं विचाराले गेल्ते ते. स्कूटर घेऊन, दोनदा. चहावाल्यापाशी, राजुरातबी.”

“मला नाही बोलले कधी. काही कळलं?”

“नाही. कोनालेच माहीत नोतं. मी म्हनलं ताईले सांगून टाका, कोनी दवाखान्यात गेल्याचं ऐकलं नाही म्हनून. तं म्हने, न्हाई समजलं ते न्हाई समजलं. खोटी खबर काऊन देऊ?”

भिंतीला आता चुना लागला आहे. माझ्याकडे त्यांचं एक फडकं उरलं आहे, कांडी बसवली त्या दिवशी दाराच्या कप्प्यात विसरलेलं, ग्रीसचं. सोमवारी आणि गुरुवारी परतताना घाट सुरू व्हायच्या आधी मी गाडी कडेला घेते, मागच्या चाकाशी वाकते आणि हात घालून कांडी चाचपते. बसलेली असते. त्या फडक्याला हात पुसते, ते अजून धुतलेलं नाही. आई विचारते, “हाय का जागेवर?” मी हो म्हणते. मग घाट उतरताना समोरून मोटरसायकल आली की मी रस्त्याआधी त्या माणसाचा हात बघते. तो हँडलवरच राहिला, की मग नजर पुढच्या वळणाकडे नेते.