झोपाळ्यावरची मोंघीबेन

खारोड्याच्या भूशिरावरची दिवादांडी जुन्या पिवळ्या दगडाची. खारा वारा तिचा चुना वर्षभरात खाऊन टाकतो, म्हणून दर श्रावणात ती पुन्हा रंगवावी लागते. वरच्या सज्जाला दोर बांधून, फळीच्या झोपाळ्यावर बसून हे काम करायचा आमचा करसन खारवा. एका वादळात तो होडीसकट गेला. ना होडी सापडली, ना तो.

वर्ष सरलं तसं जातीच्या पंचांनी त्याच्या बायकोला, मोंघीबेनला, बांगड्या उतरवायला सांगितलं.

"प्रेत दाखवा, उतरवते," ती म्हणाली.

मग तिला लग्नकार्याला कुणी बोलावेना. सख्खा दीर वेलजीही बोलायचा बंद झाला. श्रावणात दिवादांडीच्या मुकादमाला रंगारी मिळेना, तेव्हा करसनचीच फळी खांद्यावर टाकून मोंघीबेन त्याच्यापुढे उभी राहिली.

"खाली बघू नकोस हां, बेन," मुकादम हसला.

"खाली बघण्यासारखं आहे काय या गावात?" म्हणत ती चढलीसुद्धा.

नारळी पौर्णिमेला आमच्या सगळ्या होड्या दिवादांडीच्या पायथ्याशी वळून दर्यात शिरतात. त्या सकाळी पंचांचा पटेल धनजी पहिल्या होडीतून वर तिच्या झोपाळ्याकडे बघत ओरडला, "मोंघी, आजच्या दिवस उतर! विधवेचं तोंड बघून माणसांनी दर्यावर जायचं का?"

"विधवा कोण आहे इथं? आणि तोंड बघवत नसेल तर डोळे मिटून जा, पटेल. फक्त खडक जपा!"

होड्यांवर हशा पिकला, पण पुढं कुणी सरेना. भरती उतरू लागली. तिचा कुंचला चालूच होता. मला होडीतून दिसत होता.

तेवढ्यात वेलजीनं इंजिन सुरू केलं.

"वेलजी, वाळीत टाकीन!" धनजी गरजला.

वेलजीनं वर बघून हात जोडले. "भाभी, नारळ सोडतोय!"

"सोड! जपून जा रे!" तिचा कुंचला पहिल्यांदाच थांबला.

पहिली मासळी वेलजीला का द्यायची, म्हणून मागोमाग सगळेच निघाले. शेवटी धनजीही.

त्या हंगामात जाळं फाटलं की धनजी मोंघीबेनलाच शिव्या घालायचा. वेलजीला मात्र कुणी वाळीत टाकलं नाही. आणि ती दर श्रावणात चढत राहिली, गुडघ्यांनी दगा देईपर्यंत.

करसन काही आला नाही. मी एकदा विचारलं, "काकी, अजून वाट बघतेस?"

"नाही रे. यायचा असता तर आला असता," ती म्हणाली. "पण तो मेला हे कधी म्हणायचं ते मी ठरवीन. धनजी कोण?"