रोझलिन पेरीनने ओढलेला दोर

मॉरिशसमधल्या क्युरपीपच्या एका कारखान्यात पुरुष शोभेच्या छोट्या जहाजांचे सागवानी सांगाडे घडवत आणि बायका त्यांच्यावर दोऱ्या चढवत. रोझलिन पेरीन सव्वीस वर्षं दोऱ्याच बांधत आली होती. जुन्या फ्रेंच युद्धजहाजाची हातभर लांबीची प्रतिकृती, तिच्यावर चव्वेचाळीस तोफा, तीन डोलकाठ्या आणि दोनशेच्या वर दोऱ्या. रेडिओवर सेगाची गाणी लावायची, चिमटा हातात घ्यायची आणि गाठी मारत सुटायची. दोऱ्यांचा नकाशा शेवटचा कधी उघडला होता, ते तिलाही सांगता आलं नसतं.

समुद्रावर मात्र ती कधी गेली नव्हती. रविवारी सगळं घर किनाऱ्यावर पाण्यात डुंबायचं आणि ही झाडाखाली बिर्याणीच्या पातेल्याशी बसायची. "पाणी हलायच्या आधी माझं पोट हलतं," म्हणायची.

मग एका ऑगस्टात पोर्ट लुईच्या बंदरात त्याच धाटणीचं खरं जहाज आलं. फ्रान्समधल्या हौशी मंडळींनी ते जुन्या नकाशांवरून नव्यानं बांधलं होतं. मालक मिस्ये गास्तोंनी कारखान्याला सुट्टी दिली आणि सगळ्यांना बसमध्ये घातलं.

रोझलिन जहाजावर चढली ती शेजारच्या टेबलावरच्या मिर्लेनचा दंड घट्ट धरून. पण वर नजर गेली आणि तिनं दंड सोडला. ती एकेका दोराखाली थांबत, ओठ हलवत निघाली.

जहाजावरच्या दोरांचा मुकादम गोल्वेन तिच्याकडे बघत होता. "काय हरवलंय, बाई?"

"काही नाही. हा दोर मधल्या डोलकाठीवरची शिडाची मोठी आडवी काठी फिरवतो ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? पाचशे वेळा तरी बांधलाय."

गोल्वेनला गंमत वाटली. त्यानं दुसरा दोर दाखवला, मग तिसरा. ती झटझट सांगत गेली. खलाशी भोवती जमले. एका दोराला तेवढी ती अडली, पण तो दिवा वर चढवायला खलाशांनीच नवा लावलेला निघाला.

"आमच्या पोरांना हे शिकायला चार महिने लागतात," गोल्वेन म्हणाला.

"आणि हिला घराच्या किल्ल्या रोज शोधून द्याव्या लागतात," मिर्लेन म्हणाली.

"मग ओढा की, बाई," म्हणत गोल्वेननं तिला त्या पहिल्या दोराकडे नेलं.

चार खलाशांच्या मधे रोझलिन उभी राहिली. दोर मनगटाएवढा जाड होता. सगळ्यांनी मिळून जोर लावला, कप्प्या करकरल्या आणि वर, आभाळात, ती अजस्र काठी सावकाश वळली.

"वळली," ती हळूच म्हणाली. "मिर्लेन, वळली गं ती."

तिची प्रत्येक गाठ आजवर गोंदानं पक्की झालेली. त्यातलं काही कधी हललंच नव्हतं. तिनं आणखी दोनदा ओढलं. पोटाची आठवण तिला परतीच्या बसमध्ये झाली, तीही भुकेमुळे. मग दोघींनी जोडीनंच मिळणाऱ्या दालपुरीच्या दोन-दोन जोड्या खाल्ल्या.

पुढच्या जहाजावर तिनं दोन दोऱ्यांना गोंद लावलाच नाही. मिस्ये गास्तों तपासायला आले, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे सैल राहिलंय, रोझलिन."

"ओढून बघा."

त्यांनी दोन बोटांनी ओढलं. काठी वळली. त्यांनी दुसरी दोरी ओढून ती परत आणली, पुन्हा वळवली.

"मिस्ये, बाकीची जहाजं तपासायचीत ना?" मिर्लेननं विचारलं.

"तपासतो, तपासतो," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.