शेवटचा डबा

माझी लेक स्कूटरवरून ऑफिसला निघाली की येलहंक्यातले आमचे समोरचे अण्णा फाटकाशी येऊन ती वळेपर्यंत बघत राहायचे. मला ते खटकायचं. एकदा विचारलंच.

अण्णा हसले. "रामेश्वरच्या बेटावर वाढलो, अक्का. वडील रेल्वेत. समुद्रावरच्या पुलावर वाऱ्याचा भरवसा नसायचा, गाडी त्यावर चढली की किनाऱ्यावरचे मच्छीमारसुद्धा हातातलं जाळं सोडून उभे राहायचे. शेवटचा डबा पार होईपर्यंत कुणी पाठ फिरवायची नाही. अजून सुटत नाही बघा."

काल संध्याकाळी वादळ झालं. लेकीचा फोन लागेना. मी दारात, अण्णा छत्री धरून त्यांच्या फाटकाशी. अखेर वळणावर स्कूटरचा दिवा दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

लेक आत शिरली, तेव्हा कुठे अण्णांनी पाठ फिरवली.