हाताचा बूट
ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास या जर्मन गावात येऊनही लोकरीच्या हातमोज्यातून जात नाही, आणि तो आला की रहिमतपूरजवळचं आमचं अंगण आठवतं. नर्सच्या नोकरीसाठी मी तेव्हा जर्मन भाषेच्या परीक्षेची तयारी करत होते. उसाच्या फडात कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर उतरत होती, आणि मी मोठ्यानं पाठ करत होते, "हांटशू. हांट म्हणजे हात, शू म्हणजे बूट. दोन्ही मिळून हातमोजा." ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या वडिलांनी मान वर केली. पलटणीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं नेली होती. कशी, ते घरात कुणी विचारत नसे. "हाताचा बूट? बराबर हाय," ते म्हणाले. "आपुन मोजा म्हंतो, थितंच चुकतंय. बर्फात मोजा काय करणार?" मग शेंगांकडे बघतच म्हणाले, "जोडीदाराचा मोजा वाऱ्यानं उडाला. माझा उजवा दिला त्याला." मी विचारलं, "मग?" "मग काय. बोटं गेली. त्योबी गेला." उठून त्यांनी पलटणीची ट्रंक उघडली आणि उरलेला डावा मोजा माझ्या पुस्तकावर ठेवला. "तिकडं थंडी लय आसती," एवढंच बोलले. मी इकडं आले त्यानंतर आमची भेट झाली नाही. आता ते नाहीत. बर्फ पडू लागला की कामावर जाताना मी डावा हात त्या मोज्यात घालते आणि उजवा उघडा ठेवते, बोटं बधिर होईपर्यंत.