ताईचं पेडल आवरलं

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणाऱ्या बाईंचा राग नाकावर असतो, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हाताळल्यावर स्वतःच्या जबड्यावर ताबा राहत नसावा. गल्ली त्यांना कवळीबाई म्हणे. अर्थात, त्या कोपऱ्यावरून वळल्यानंतर.

संध्याकाळी बाई गिटार वाजवत. एकट्याच, पण भिंतीपलीकडे चार जण बसल्यासारखं वाटे. ही करामत त्यांच्या पायाशी असलेल्या लूप पेडलची. पायाने बटण दाबायचं, एखादी ओळ वाजवायची, पुन्हा दाबायचं. मग पेडल तीच ओळ वाजवत राहतं आणि आपण तिच्यावर दुसरी चढवायची. घरातल्या एकाही माणसाने बाईंचं म्हणणं इतकं निमूटपणे कधी धरून ठेवलं नव्हतं.

कित्येक वर्षांच्या अशा ओळी त्यांनी पेडलच्या आकडे घातलेल्या खणांत साठवल्या होत्या. प्रत्येकीची लय, आवाज, ती फिरत राहणार की एकदाच वाजून थांबणार, हेही खणाबरोबर ठरलेलं. चारनंतर अकरा, अकरानंतर एकदम तीस असा क्रम. तो का, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. पायाला माहीत होतं.

धाकटा भाऊ औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर. त्याला आवराआवरीचं व्यसन होतं, आणि इतर व्यसनांची वाटते तशी याची कुणाला लाजही वाटत नाही. एकदा त्याने ताईच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते. मीठ सापडेपर्यंत भाजी करपली.

शुक्रवारी एका हॉटेलचा मालक बाईंचं वाजवणं ऐकणार होता. पसंत पडलं तर दर शनिवारची संध्याकाळ त्यांची. कवळ्यांपलीकडे काही करायची ही पहिली संधी, आणि या वयात दुसरी कोण आणून देतो? गुरुवारी त्या कामावरून आल्या तर पेडलला वायर, वायरीला कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरला भाऊ जोडलेला.

"ताई, तुझा सगळा पसारा लावून टाकला," तो म्हणाला. बक्षिसाची वाट पाहणारा चेहरा.

बाईंनी पेडल सुरू केलं. खण चार: रिकामा. अकरा: रिकामा. तीस: रिकामा.

"काय केलंस?"

"अगं, फायलींना नुसते आकडे होते! काही कळायची सोय नाही. मी एकेक ऐकून नीट नावं दिली. हळू एक, हळू दोन, बरं, उदास, जरा जास्तच उदास..."

"ते पेडल स्वतः दिलेल्या आकड्याशिवाय काही ओळखत नाही रे, गाढवा!"

"मग परत आकडे देऊ. त्यात काय?"

"दे. 'बरं' कितव्या खणात होतं?"

भाऊ छताकडे बघू लागला.

"आणि लय कुठंय? कुठलं फिरायचं, कुठलं थांबायचं, ते कुठंय?"

"एक फाइल होती विचित्र नावाची," तो हळूच म्हणाला. "वाजत नव्हती. मला वाटलं, कचरा आहे. उडवली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर त्या जे बोलल्या त्यात गोदाम, भावाची अक्कल आणि तो लहानपणी पाळण्यातून पडला होता ही बातमी यांचा समावेश होता. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"विचारलं असतंस तर जीभ झडली असती?"

"सरप्राईज द्यायचं होतं."

"दिलंस!"

शुक्रवारी त्या रिकामं पेडल घेऊन गेल्या. भाऊ ॲम्प्लिफायर उचलून मागे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायचं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. हॉटेलात टेबलं पुसणं चालू होतं. मालक हाताची घडी घालून बसला. बाईंनी दात ओठ खात पहिली ओळ तारांवर अक्षरशः आपटली आणि बटण दाबलं. ती फिरू लागली. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ओळ आधीचीशी भांडायला आल्यासारखी. टेबलं पुसणारा फडकं हातात धरून उभा राहिला. संपल्याबरोबर बाईंनी पेडलची वायर खसकन ओढून काढली.

"वा!" मालक उठला. "बाई, शनिवार तुमचे. फक्त सुरुवात याच्यानेच करायची हं. हेच, असंच पाहिजे. उद्या पाहुणे आहेत माझे."

"हो," बाई म्हणाल्या आणि हातातल्या वायरीकडे बघत राहिल्या. वाजवलेलं खणात ठेवायचं तर आधी सेव्हचं बटण दाबावं लागतं. ते न दाबता वीज काढली की पेडलच्या लेखी काही वाजलंच नव्हतं.

भाऊ गोदामातला माणूस. माल आत न घेताच शटर ओढलं गेलंय, हे त्याला ताबडतोब कळलं. त्याने तोंड उघडलं.

"एक शब्द," बाई म्हणाल्या, "एक शब्द बोलून तर दाखव."