शेजारणीच्या नावाची शेरणी

देव आहे का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहे, पण तो शेजाऱ्याचा आहे, असं मात्र बायको गेल्यावर मला पक्कं वाटू लागलं. चौथीतून शाळा सुटली, गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. मी एका बाईवर जळत होतो. ती जगली म्हणून.

आम्ही वारूळवाडीचे. मोबाईल नुकते गावात दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं पोट बिघडलं की मेडिकलातून गोळ्या आणायच्या, दोन खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या ठेवून द्यायच्या. माझी बायको त्या गोळ्या देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवायची. आळीत कुणाचं पोट दुखलं की चिमूटभर अंगारा आणि एक गोळी. स्वतःचं दुखायला लागलं तेव्हाही तेच केलं तिनं. शेवटी अपेंडिक्स फुटलं तेव्हा पुण्याला नेली.

ऑपरेशन झालं, पू काढला, तरी ताप हटेना. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबा, जंतू रक्तात उतरलेत. हे हवेशिवाय जगणारे जंतू. आतड्यात असतात तोवर गुण्यागोविंदानं राहतात, रक्तात शिरले की जिवावर उठतात." हवा नसलेल्या बाटलीत त्यांनी हिचं रक्त घेतलं. जंतू त्यात हळूहळू वाढणार, मग त्यांना कुठलं औषध मारतं ते बघणार. तोवर नेहमीचं इंजेक्शन चालू. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, ते औषध या जंतूंना लागूच पडत नव्हतं. मी देव्हाऱ्यातल्या गोळ्यांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "इंजेक्शनातही औषध तेच. अर्धवट घेत राहिलं की जंतू सरावतात. पण यांचं त्यानंच झालं, असं मी छातीठोक नाही सांगणार." मग दुसरं भारी इंजेक्शन लावलं. पण तोवर हिच्या किडन्या थकल्या होत्या.

शेजारच्या खाटेवर खोडदची एक तरणी बाई होती. हिच्या मागून आलेली, तिचंही अपेंडिक्स फुटलेलं. एका सकाळी ती थंडीनं खाटेसकट हलायला लागली. तिची पोरं दारात रडत उभी. हिनं मान वळवून बघितलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"आवं, मुक्ताईला शेरणी बोलले मी."

आमच्यात नवस फळला की देवीपुढं गूळ वाटतात, ती शेरणी. मी म्हणालो, "बरी हो, मग वाटू."

"माझी न्हाई. तिच्या नावाची. पोरं बारकी हायेत तिची."

"अन् तुझी?"

"एका येळी देवीकडं किती मागायचं माणसानं? वाटाल ना?"

वाटतो म्हणालो. आजारी माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्याच सकाळी खोडदच्या बाईला ते भारी इंजेक्शन लागलं. रिपोर्टची वाटसुद्धा बघितली नाही! माझ्या बायकोला थांबावं लागलं आणि तिला लगेच? मी सगळं डोळ्यांनी बघत होतो. तिचा ताप उतरला. ती उशीला टेकून नवऱ्यावर खेकसायला लागली, "चहा हाय का गरम पानी? साखर काय पावण्यांसाठी ठिवली?" आणि तो येडा हसत होता. इकडं माझी बायको डोळे उघडत नव्हती. शिव्या दे गं मला, एवढंच मी मनात म्हणत राहिलो. ती गेली.

मुक्ताईची यात्रा आली, मी गूळ आणला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ज्या देवीनं माझी नेली आणि दुसऱ्याची ठेवली, तिच्यापुढं दुसऱ्याच्या नावानं गूळ फोडायचा? पुतण्याच्या गाडीवरून खोडदवरून जाताना रानातल्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या पांढऱ्या डिशा दिसल्या, की मी तोंड फिरवायचो.

एकदा नारायणगावच्या बाजारात टमाट्याच्या क्रेटांमागून तोच आवाज आला. "आवं, क्रेट नीट धरा की! का तेबी मीच करू?" अंगानं भरली होती ती. मला बघताच दोघं धावत आले. बाई पाया पडली. नवरा म्हणाला, "बाबा, लई शोधलं तुमाला. गाव ठावं व्हतं, घर गावलं न्हाई."

मी आशीर्वादसुद्धा दिला नाही. आतलं होतं ते बाहेर आलं. "तुझ्या बायकोला लगेच इंजेक्शन मिळालं. कुणाचा वशिला होता?"

तो म्हणाला, "वशिला? बाबा, वशिला तुमच्याच मालकिणीचा की. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, शेजारच्या खाटंवर न्हेमीचं औषध वाया गेलं, जंतू त्याच जातीचा असंल, आता थांबायचं न्हाई. त्यांच्या रक्ताची बाटली नसती तर आमीबी वाटच बघत बसलो असतो. मागून हिचा रिपोर्ट तसाच आला."

मी पालथ्या क्रेटवर बसलो. माझ्या बायकोनं जे मागितलं होतं ते तिच्याच रक्तातून शेजारच्या खाटेवर गेलं होतं. आणि मी ते चोरीला गेलं म्हणून बोंबलत होतो. त्या दोघांना नवसातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती बोलणारी बाई पदरात तोंड घालून रडली.

तिथंच गूळ घेतला आणि तिघं मुक्ताईला गेलो. मी गूळ फोडला, ताट तिनं धरलं. नवऱ्यानं मोठा खडा तोंडात टाकला तशी ती ओरडली, "आधी लोकांना द्या!" देवळातली माणसं हसली. मीही हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

माझं जळणं अजून पुरतं विझलेलं नाही. कुणाची बायको कुणावर खेकसली की पोटात कळ येते. पण आता ती कळ मी देवीच्या पायरीवर ठेवून घरी येतो. देव्हाऱ्यात अंगाऱ्याची डबी तेवढी आहे. कुणी गोळी मागायला आलं तर म्हणतो, अंगारा माझ्याकडून ने, गोळी डॉक्टरकडून घे आणि ते सांगतील तेवढ्या पुऱ्या खा. दर यात्रेला खोडदची बाई येते आणि शेरणीचं ताट धरते. शेरणी कुणाची विचारलं तर मी माझ्या बायकोचं नाव सांगतो, आणि खोडदची बाई माझ्या हातावर पहिला खडा ठेवते.