रिकामा दंड

अक्कांचा एक डोळा देवींनी नेला होता आणि दुसऱ्याला उजेड-सावली तेवढी कळायची. चेहऱ्यावर बोट टेकवायला सपाट जागा नव्हती. तरीसुद्धा पेठेतल्या सहा घरांची पोरं दिवसभर त्यांच्याकडंच असायची, कारण आम्हा नोकरीवाल्या बायकांना दुसरा आधारच नव्हता. साठच्या पुढची ती वर्षं. पाळणाघर हा शब्द आमच्या कोल्हापुरात कुणी वापरत नव्हतं, पोर अक्काकडं सोडलंय एवढंच म्हणायचं. त्या मूळच्या सीमेकडच्या, बोलताना मधेच कानडी यायचं, म्हणून लहानथोर सगळ्यांच्याच अक्का.

त्यांचा नियम एकच होता. पोरं बोळातल्या मागच्या दारानं यायची. अक्का उंबऱ्याच्या आत बसायच्या आणि प्रत्येकाच्या दंडावरून अंगठा फिरवायच्या. देवी काढल्याचे, म्हणजे देवीची लस टोचल्याचे, खोलगट वण अंगठ्याला लागले की पोर आत. नाही लागले तर आल्या पावली परत, मग बाप कितीही मोठा असो. हे रोज चालायचं. काल तपासलेलं पोर आज पुन्हा कशाला तपासायचं, वण काय रातोरात पुसले जातात, असं मी एकदा विचारलंसुद्धा. त्यांनी पुढच्या पोराचा दंड हातात घेतला.

सगळ्यांत शेवटी त्या बाहेरच्या पायरीकडं तोंड करून हात पुढं करायच्या. पायरीवर कुणी नसायचं. अंगठा हवेतच जरा फिरायचा. मग हळू आवाजात म्हणायच्या, "रिकामा हाय. भाईरच बस." आणि दहीभाताची एक जर्मनची वाटी पायरीवर ठेवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, असेल एखादं मांजर.

आता माझं पाप सांगते. मी शाळामास्तरीण. आरोग्याचा धडा घसा फोडून शिकवायची, आणि माझ्याच लेकीचा दंड कोरा होता. ती सहा महिन्यांची असताना देवी काढल्या होत्या, पण त्या उठल्याच नाहीत. फोड आला नाही, नुसता ताप आला, चार दिवस पोर डोळे उघडेना. देवी डॉक्टर आठव्या दिवशी बघायला यायचे आणि उठल्या नसतील तर पुन्हा टोचायचे. त्या दिवशी मी दाराला कुलूप घालून माहेरी उचगावला निघून गेले. सासूबाई म्हणाल्या होत्या, देवीआईला हे पोर टोचलेलं नको आहे, म्हणून तर तिनं उठू दिल्या नाहीत, पुन्हा टोचाल तर कोपेल. मी शिकलेली बाई, पण भ्याले. दुसऱ्यांच्या पोरांना धडा देणं सोपं असतं हो.

लेक तीन वर्षांची झाली आणि यजमानांची बदली लांब झाली, सासूबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. घरात तिला बघायला कुणी नाही, आणि नोकरी सोडून भागण्यातलं नव्हतं. अक्कांच्या अंगठ्याची कीर्ती मी ऐकून होते. मग मे महिन्याच्या सुट्टीत मी एक बिबा आणला. आमच्याकडं पाय मुरगळला, पोट धरलं, की बिब्याचा चटका देतात. तो उततो, खपली धरतो आणि वण जन्मभर राहतो. सुई तापवून बिब्यात खुपसली आणि लेकीच्या डाव्या दंडावर दोन ठिकाणी टेकवली. तिनं घर डोक्यावर घेतलं. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि तिच्यापेक्षा जास्त मीच रडले. शाळा उघडेपर्यंत वण झकास धरले होते.

पहिल्या दिवशी अक्कांचा अंगठा तिच्या दंडावर फिरला, थांबला, परत फिरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत. मग म्हणाल्या, राहू दे हिला, तुम्ही जावा शाळेला. मी सुटले म्हणून जवळजवळ पळतच शाळेत गेले.

पंधरा-वीस दिवसांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. संध्याकाळी लेकीच्या झग्याच्या पाठीवर चुना लागलेला असायचा. अक्कांच्या घराला आतून मातीचा गिलावा होता, चुना होता तो फक्त बाहेर, पायरीजवळच्या भिंतीला. कुठं टेकतेस गं रोज, म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, पायरीवरच्या ताईजवळ बसते, ताईला आत घेत नाहीत. पायरीवर कसली ताई आलीय, असं म्हणून मी धुणं आपटत राहिले. ती आपल्या नादात सांगतच होती. ताईला तिच्या आईनं सांगितलंय, बाहेर बस आणि तोंडातून आवाज काढू नकोस, म्हणून ती बोलत नाही. बोलत नाही तर तुला कसं सांगते, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "हळू सांगते." माझ्या हातातला झगा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना सहज विचारावं तसं विचारलं. त्यांना इतक्या वर्षांनीही ते सांगताना इकडंतिकडं बघावंसं वाटत होतं. अक्कांना एक मुलगी होती, पाच वर्षांची. देवी डॉक्टर पुढच्या दारानं आले, तेव्हा अक्कांनी तिला मागच्या पायरीवर नेऊन बसवलं, गप बस म्हणून दटावलं, आणि घरात लहान पोर नाही असं सांगून डॉक्टरांना वाटेला लावलं. त्याच वर्षी घरात देवी आल्या. पोर गेली आणि आईची नजर गेली. हे ऐकून मी लेकीला दुसरीकडं ठेवायचं ठरवलं. पण दुसरीकडं म्हणजे कुठं? सकाळ झाली की तिला घेऊन मी मुकाट्यानं त्याच बोळात शिरायची.

श्रावणात पलीकडच्या गल्लीत एका दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात देवी आल्याची ती खूण कुणाला सांगावी लागत नव्हती. त्या घरावरून जाताना बायका चपला हातात घेऊन जात होत्या. आमची शाळा दुपारीच सोडली. मी बोळात आले तर आतून पोरांचा आवाज नाही, सगळी झोपलेली. माझी लेक बाहेर पायरीवर बसली होती. दहीभाताचा एक घास तिनं स्वतः खाल्ला आणि दुसरा शेजारी हवेत धरला. तो तिथंच थोडा वेळ धरून ठेवला आणि मग वाटीत परत टाकला. मी तिला खसकन उचललं. तिच्या पाठीमागं भिंतीवरचा चुना घासून गेला होता. तसाच दुसरा डाग त्याच्या शेजारी होता, जरासा उंचावर, पाच वर्षांच्या पोराच्या पाठीएवढा.

माझा संताप संताप झाला. माझी पोर बाहेर का बसवली, म्हणून मी अक्कांवर ओरडले. त्या दारात आल्या, माझ्या कडेवरच्या लेकीचा दंड त्यांनी चाचपला. "बिबा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "बिब्याचा वण वर येतो, देवीचा खाली दबतो. पयल्याच दिशी कळलं मला."

मग तेव्हाच का नाही हाकललंत, म्हणून मी विचारलं.

"हाकलली असती तर तुमी कुलूप घालून घरात कोंडली असती. हितं हाताजवळ तरी हाय. आन नियम म्हंजे नियम, रिकामा दंड भाईर." लेकीचा दंड सोडत त्या म्हणाल्या, "मी बी तुमच्यावानीच भ्यालतो, बाई."

माझी मान खाली गेली. राग कुठल्या कुठं गेला आणि नुसती भीती राहिली, तीही देवीआईची नव्हे, माझी स्वतःची. त्याच पावली पालिकेच्या दवाखान्यात गेले. डहाळा लागल्यापासून देवी डॉक्टर गल्लोगल्ली फिरतच होते, त्यांना हात जोडून अक्कांच्या घरी आणलं. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. बिब्याचे वण पाहून त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. ती नजर मला पुरली. लेकीच्या उजव्या दंडावर त्यांनी देवी काढल्या. ती रडली, मी तिला घट्ट धरून ठेवलं.

डॉक्टर सामान आवरायला लागले तशा अक्का पुढं सरकल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर कुणाला तरी धरल्यासारखे होते. "हिच्या बी काढा," त्या म्हणाल्या. "मागल्या खेपंला ऱ्हायल्यात."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावणार होते की असू दे, म्हातारीच्या मनावर परिणाम झालाय. पण माझी लेक रडायची थांबली होती आणि अक्कांच्या मांडीकडं टक लावून बघत होती. फार दुखत नाही गं, असं ती तिकडं बघून म्हणाली. मी डॉक्टरांना म्हटलं, "काढा." त्यांनी सुई पुसली, अक्कांनी दाखवलं तिथं हवेत टेकवली, आणि आठव्या दिवशी येतो म्हणून सांगितलं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेकीच्या कपाळावर हात ठेवायचा आणि देवीआईची क्षमा मागायची, एवढंच चाललं होतं. अक्कांच्या अंगठ्याला दंड अजून रिकामाच लागत होता, त्यामुळं लेक पायरीवरच बसत होती. मी एकदाही तक्रार केली नाही. आठव्या दिवशी मी डॉक्टरांच्या आधीच येऊन उभी राहिले. त्यांनी लेकीचा दंड उजेडाकडं धरला. टपोरा फोड आला होता. उठल्या, असं ते म्हणाले आणि मी तिच्या झग्याची बाही हळूच खाली ओढली.

"आन हिच्या?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टरांना अजून अख्खी गल्ली फिरायची होती. तरी ते पायरीपाशी गेले, वाकले आणि बघत राहिले. मग म्हणाले, "उठल्या, अक्का. चांगल्या उठल्या."

अक्कांनी हात पुढं केला. अंगठा हवेत फिरला आणि एका जागी थांबला. रिकामा हाय असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पायरीवरची वाटी उचलली, पदरानं तोंड पुसलं आणि दारातून बाजूला झाल्या.

"ये गं माझी बाय. ये आत."

आत पोरं जेवायला ओळीनं बसली होती. माझी लेक त्यांच्यात जाऊन बसली, आणि कुणी काही न सांगता शेजारी जागा करून जराशी सरकली.